पाट लावला की पेन्शन बंद

माझ्या टेबलावरची काच आजवर दोनदा फुटली. पहिल्यांदा एका तरण्या, दांडग्या माणसानं तिच्यावर खुर्ची आपटली. दुसऱ्यांदा मी स्वतः फोडली. लोकांना वाटतं, पीएफ-पेन्शनचं काम म्हणजे बाईमाणसाला बरं. पंख्याखाली बसा, अंगठे घ्या, शिक्के मारा, चहा प्या. या म्हणावं एकदा आणि बसा माझ्या खुर्चीत. संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी नाही वाटली तर माझं नाव बदला.

जळगावात पालिकेच्या मार्केटात दुसऱ्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. पुढे एक खोली, मागे जुन्या फायलींची एक अंधारी बोळकांडी. एमआयडीसीतल्या चटईच्या आणि पाइपाच्या छोट्या कंपन्या, डाळमिली, ज्यांना यासाठी वेगळा माणूस ठेवणं परवडत नाही, त्यांच्या कामगारांचं मी बघते. माणूस लागला की नाव चढवायचं, सुटला की हिशोब करून द्यायचा, म्हातारा झाला की पेन्शन सुरू करायची, आणि मेला की त्याच्या बायकोची. रोज तेच प्रश्न आणि रोज तीच उत्तरं. नोकरी सुटली की जो तो विचारतो, सगळे पैसे काढून घेऊ का? मी म्हणते, पेन्शनच्या भागाला हात लावू नको रे गाढवा, दहा वर्षं भरू दे, म्हातारपणी रडशील. तो मान डोलावतो, खाली जातो, दुसऱ्या कुणाकडून सगळं काढतो आणि मोटारसायकल घेतो. केस पांढरे झाले की परत येऊन मलाच शिव्या देतो. एका हमालानं तर असाच येऊन माझा गळा धरला होता. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. त्याची बायको मध्ये पडली म्हणून दोघंही वाचलो.

मी मूळची धुळ्याची. बाप सूतगिरणीत होता. पगाराच्या दिवशी तो पिऊन यायचा आणि आईला पट्ट्यानं मारायचा. ज्या बाजूला बक्कल असतं ना, त्या बाजूनं. आईचे पुढचे दोन दात त्यानंच पाडलेले. आम्ही बहिणी मोरीत कडी लावून बसायचो आणि मी आतून दाराला लाथा मारायची. बाप गेल्यावर आईला पेन्शन लागली. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला जाताना ती ठेवणीतलं लुगडं नेसायची, पावडर लावायची आणि हसत म्हणायची, "मेल्यावर तरी कामाले उना मुडदा." मी या धंद्यात का आले, असं कुणी विचारलं तर मी आईचं ते हसणं सांगते.

तर ही गोष्ट एका बाईची. एरंडोलच्या पुढे, धुळ्याच्या रस्त्यावर तिचं सासर. पदरात दोन लहान पोरी. नवरा इथल्या एका चटईच्या कंपनीत मशीनवर होता, रोज मोटारसायकलनं ये-जा करायचा. एका सकाळी वाळूच्या डंपरनं त्याला उडवलं. उडवलं म्हणजे काय, तर चाकाखाली घेऊन बरंच अंतर फरफटत नेलं. गावकऱ्यांनी डंपर पेटवला, ड्रायव्हरला उसातून ओढून काढून तो मरायला टेकेपर्यंत बडवला. त्या पेटवापेटवीत मढं रस्त्यातच पडून होतं आणि त्याच्यापाशी ती एकटी बसून होती, हे तिनंच मला नंतर सांगितलं.

तेरावं झाल्यावर ते तिघं माझ्याकडे आले. ती, तिचा सासरा आणि तिचा दीर. सासऱ्याला सगळे आबा म्हणत. धोतर, टोपी, आवाज खालचा. आबांनी खिशातून मुलाचं आधार कार्ड काढून माझ्या टेबलावर ठेवलं. ते त्याच्या शर्टाच्या खिशातून निघालेलं होतं, रक्तानं काळं पडलेलं. मी म्हटलं, आबा, याची झेरॉक्स निघणार नाही. तर म्हाताऱ्यानं ते थुंकी लावून धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतलं. मला बघवेना. मी ते हातातून काढून घेतलं.

दीर तिशी ओलांडलेला, बिनलग्नाचा. आजकाल आमच्या खानदेशात नोकरी नसलेल्या पोराला मुलगी मिळत नाही, मग तो गावभर बुलेट फिरवतो आणि उभ्या जगावर खार खातो. त्यानं बसल्या बसल्या सांगून टाकलं की भावानं नॉमिनी म्हणून त्याचं नाव लावलेलं आहे. खरंच होतं. नोकरीला लागताना भाऊ बिनलग्नाचा होता, तेव्हा लावलं होतं. मी म्हटलं, "लग्न झालं त्या दिवशी ते नाव आपोआप रद्द झालं. आता हक्क बायकोचा आणि पोरींचा. पेन्शनही हिला, आणि दोन्ही पोरींचा वेगळा वाटा."

"मन्हा भाऊनं मन्हं नाव लायेल शे! तुम्ही कोण रद्द करनाऱ्या?"

"मी नाही, कायदा रद्द करतो. आणि आवाज खाली."

त्याबरोबर उठला, खुर्ची उचलली आणि आपटली टेबलावर. काचेचा भुगा झाला. एक तुकडा तिच्या कपाळाला लागला, रक्त भुवईवरून खाली आलं, आणि तिनं ते पुसलंही नाही. तेव्हाच मला कळलं की हे हिला नवीन नाही. आबा फक्त म्हणाले, "बस रे." मी मात्र तो बाहेर पडेपर्यंत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मजल्यावरचे सगळे दुकानदार दारात येऊन उभे होते.

जाताना आबांनी शांतपणे विचारलं, "पेन्शन किती वर्षं?"

"ती जिवंत आहे तोवर. किंवा तिनं दुसरं लग्न करेपर्यंत. लग्न केलं की तिची बंद." हे मी सगळ्यांना सांगते, त्यांनाही सांगितलं. आबांनी मान हलवली.

काम झालं. पेन्शन लागली. कंपनीचा शेठ भला माणूस, मारवाडी, शब्दाचा पक्का. त्यानं तिला कंपनीत पॅकिंगला घेतलं. ती एसटीनं यायची, चटया गुंडाळून पिशव्यांत भरायची, संध्याकाळी परत. पगार आबांच्या हातात, पेन्शनचं पासबुक आबांच्या कोटात. एवढं मला माहीत होतं.

वर्ष भरलं आणि ती हयातीच्या दाखल्यासाठी आली. सोबत दीर. मी मशीन पुढे केलं, म्हटलं, उजवा अंगठा ठेव. तिनं ठेवला. मशीननं घेतला नाही. परत ठेवला, परत नाही. मग मी तो हात धरून जवळ घेतला. अंगठा सुजून टम्म झाला होता, नख काळंनिळं, पेर वाकडं.

"हे काय गं?"

"दारात सापडला."

दारात! मी जन्मभर दारात सापडलेली बोटं आणि घरात सापडलेल्या बायका बघत आलेय. दिराला म्हटलं, खालून हिच्या आधारच्या झेरॉक्स आण. तो उतरला तशी मी दार लावलं आणि तिच्यासमोर उभी राहिले. "आता बोल. तो वर यायच्या आत बोल."

ती एका दमात बोलली. वर्षश्राद्ध झालं होतं. घरात ठरलं होतं की आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी दिराशी तिचा पाट लावायचा. आमच्याकडे विधवेचं दुसरं लग्न म्हणजे पाट. मांडव नाही, हळद नाही, वाजंत्री नाही. चार माणसं बसतात, बाईच्या अंगावर नवं लुगडं टाकतात, झाली ती त्याची. दिराला बायको मिळणार, घरातली बाई घरात राहणार, पोरींना बाहेरचा बाप नाही. तिनं नाही म्हटलं. तर त्यानं तिचा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि अंगठ्यावर वरवंटा घातला. आबा ओसरीवर होते. म्हणे, उठून गोठ्यात गेले.

"पोलिसांत चल. आत्ता."

"संध्याकाळी मालेच घरी जानं शे ना ताई. पोरी तथीच शेत."

पोरी सासरीच अडकलेल्या. माहेरी भाऊ-भावजय, चार दिवस पाहुणी म्हणून ठीक, पाचव्या दिवशी भावजय भांडी आपटायला लागते. जायला जागा नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. तेवढ्यात झेरॉक्स घेऊन तो आला. मी म्हटलं, "काय रे, पाट लावतोयस म्हणे?"

तो चक्क लाजला. वरवंटा घालणारा हात डोक्यावरून फिरवत हसला. "हा ना मॅडम. घरनं घरमा."

"मग पेन्शन बंद."

"कसाले? ते लगीन करं तं ना. पाट म्हणजे काय लगीन शे का?"

आणि तो अगदी मनापासून बोलत होता हो! बापालाही तसंच वाटत होतं. मी लग्न म्हटलेलं त्यांनी ऐकलं होतं, चांगलं लक्षात ठेवलं होतं, आणि पाट हे लग्न नाही म्हणून निर्धास्त होते. घरात सून, पासबुकात पेन्शन, पोराला बायको. मी म्हटलं, "सरकार काय हळद बघायला येतं का रे मुडद्या? बाईनं नवरा केला की संपलं. दरवर्षी मी इथं लिहून घेते की तिनं लग्न केलेलं नाही. पाट लावलास तर हिला खोटं लिहावं लागेल, आणि ते खोटं मी सही करून पुढे पाठवणार नाही. उलट मीच कळवीन."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग तो तिच्यावर धावला. माझ्यावर नाही, तिच्यावर. केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं; "तू सांगं इले, तूच सांगं!" माझ्या हाताला टेबलावरचं पंचिंग मशीन लागलं, जुनं, लोखंडी, चांगलं जड. ते मी त्याच्या कानशिलावर घातलं. तो खाली बसला. परत घातलं. रक्त आलं, त्याच्या पांढऱ्या शर्टावर आलं, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? मोरीच्या आतून मारलेल्या सगळ्या लाथा त्या दिवशी दाराच्या बाहेर पडल्या.

मग मी आबांना फोन लावला आणि तेच सगळं सांगितलं. मग आबा म्हणाले, "बंद म्हणजे, पूर्ण बंद?" मी म्हटलं, पूर्ण. "बरं," म्हणाले. आखाजीला पाट लागला नाही. दिरानं तिला परत हात लावला नाही, कारण आबांनी त्याला गोठ्यातल्या खांबाला बांधून ठोकला, असं मला एसटीतल्या बायकांकडून कळलं. मी त्या दिवशी जिलबी आणून सगळ्या मजल्यावर वाटली. किती शहाणी मी, नाही का?

नियमाला दोन टोकं असतात आणि मी एकच त्यांच्या हातात दिलं होतं. दुसरं मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. विधवेनं लग्न केलं की तिची पेन्शन थांबते, पण पोरींची थांबत नाही. उलट वाढते, त्यांना अनाथ धरून जास्तीच्या दरानं मिळते, आणि जो त्यांना सांभाळतो त्याच्या हाती येते. हे आबांना कळलं असतं तर त्यांनी हिला कुणाच्या तरी गळ्यात बांधून पोरी ठेवून घेतल्या असत्या. म्हणून मी गप्प बसले. मला गप्प बसणं जमत नाही, सगळं जळगाव जाणतं, पण तेव्हा बसले.

पुढची दोनेक वर्षं ती दाखल्याला यायची, अंगठा वाकडाच राहिला होता, डावा लावायची. सोबत आता आबा यायचे. धाकटी पोर त्यांच्या कडेवर. आबांच्या कोपरीच्या खिशात कायम भाजलेले शेंगदाणे असायचे, एकेक सोलून ते पोरीच्या तोंडात घालायचे, फोलपटं स्वतःच्या टोपीत जमा करायचे म्हणजे माझ्या ऑफिसात कचरा नको. मोठी त्यांचं धोतर धरून उभी. मला म्हातारा आवडायला लागला होता, काय सांगू तुम्हाला.

मग तिचं कंपनीतल्या टेम्पोवाल्याशी जमलं. तो पहूरचा, बायको बाळंतपणात गेलेली, साधा माणूस, बोलताना जमिनीकडे बघणारा. त्यानं सरळ विचारलं, लग्न करशील का, पोरींसकट. तिनं घरी सांगायची हिंमत केली. तिला वाटलं, आबा समजून घेतील. आबांनी ओसरीवरची पराणी उचलली, बैल हाकायची, पुढे खिळा असलेली, आणि सुनेला अंगणात पाडून मारलं. पोटऱ्या, पाठ, दंड. पोरी दारात उभ्या. मारताना एकच बोलत होते, "पेन्शन बंद करस! मन्हा पोऱ्यानी पेन्शन बंद करस!"

दुसऱ्या दिवशी ती कामावर म्हणून निघाली ती थेट माझ्याकडे आली. पाठीचं पोलकं रक्तानं चिकटलेलं. मी कोमट पाण्यानं भिजवून ते सोडवत होते आणि ती म्हणाली, "आबा म्हनत होतात, ताईंनीच सांगेल शे, लगीन कर तं बंद. ताईसले इचार म्हने."

दिरापासून तिला सोडवायला मी जी भिंत घातली होती, तिच्यातच तिला कोंडून म्हातारा वर बसला होता. तिच्यावर मी चिडले, त्याच्यावर चिडले, शेवटी कपाटाला लाथ घालून पायाचं बोट सुजवून घेतलं. मग तिला समोर बसवून नियमाचं दुसरं टोक सांगितलं. "तुझी जाईल. पोरींची वाढेल. पोरी तुझ्याजवळ असल्या की ते तुझ्या हाती येईल. पण हे तोंडातून काढायचं नाही. पोरी तुझ्या हातात येईपर्यंत नाही. नाहीतर पोरी त्यांच्या आणि तू रस्त्यावर."

"माले पैसा नही पाहिजे ताई," ती म्हणाली. "माले पोरी पाहिजेत."

ती परत सासरी गेलीच नाही. टेम्पोवाल्याच्या बहिणीकडे राहिली, देवळात हार घातले, नोंदणी केली. पोरी राहिल्या गावात. ठरलं असं होतं की ती दोघं शाळेतून पोरींना घेऊन येतील, मी सोबत जाईन, वेळ पडली तर पोलिसांना घेऊन. टेम्पोवाला गाडी आणायला गेला, ती माझ्या ऑफिसात थांबली. आणि जिन्यावर पराणीचा आवाज आला.

मी तिला फायलींच्या बोळकांडीत ढकललं आणि दार ओढलं. कुणीतरी गावात आधीच बातमी पोचवली होती. आबा आत आले, डाव्या हाताला दोन्ही पोरी, उजव्या हातात पराणी. मागे दीर. आबांनी बोलण्याआधी टेबलावर पराणी हाणली, मग दुसरा फटका माझ्या दंडावर. खिळा घुसला. अजून खूण आहे. मी ओरडले नाही, कारण मी ओरडले असते तर ती बाहेर आली असती.

"कोठे शे ती?"

"मला माहीत नाही."

"तिले सांगा, ते लगीन मोड आन घर ये. नही तं या पोरी तिले मरेपर्यंत दिखाव नहीत." धाकटी रडायला लागली. बोळकांडीत काहीतरी पडलं, एखादी फाइल असेल. मी मुद्दाम खुर्ची सरकवली, आवाज केला. दीर इकडेतिकडे बघत होता. माझ्या दंडावरून रक्त कोपरापर्यंत आलं होतं आणि मी देवाला एकच म्हणत होते, हिला आतच ठेव.

आबा दमले होते. उन्हातून आलेले, म्हातारा माणूस. खुर्चीत बसले आणि जुन्या सवयीनं, जसं दरवर्षी विचारायचे तसं, विचारलं, "ताई, तिनी पेन्शन बंद व्हई गयी?"

"झाली."

"आन पोरीसनी? पोरीसनी तं चालू ऱ्हाई ना?"

इतक्या वर्षांत मी कुणालाही नियम चुकीचा सांगितला नव्हता. माझा गळा धरला तरी नाही, शेठ लोकांनी पाकिटं पुढे केली तरी नाही. मला शिव्या द्या, पण ही बाई सांगते ते खरं असतं, एवढं एक माझं नाव होतं बाजारात. मी आबांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, "तीपण बंद."

"बठ्ठी?"

"बठ्ठी. एक पैसा नाही."

दीर मागून म्हणाला, "मंग दोन पोरीसनं लगीन कोन करी? मी?" आबांनी धाकटीकडे बघितलं. तिनं त्यांचं धोतर मुठीत घट्ट धरलं होतं. आबांनी तिचं एकेक बोट सोडवलं, अगदी हळू, दुखू न देता. मग कोपरीच्या खिशात हात घातला आणि होते नव्हते ते सगळे शेंगदाणे तिच्या ओंजळीत ओतले. काही खाली सांडले.

"तिले सांगा, यासले बी लई जा म्हना," म्हणाले. पराणी तिथंच भिंतीला टेकलेली राहिली. दोघं जिना उतरून गेले.

ती बोळकांडीतून बाहेर आली, पोरींना कवटाळून जमिनीवरच बसली आणि असं रडली की खालचे लोक वर आले. धाकटी तिच्या कुशीत शेंगदाणे खात होती. मोठी मात्र दाराकडे बघत उभी होती. मला तेव्हा तिच्याकडे बघायला फुरसत नव्हती. मी जिंकले होते आणि दंडाला रुमाल बांधत होते. मला पश्चात्ताप नाही. परत वेळ आली तर परत तेच खोटं बोलेन, याहून मोठ्यानं बोलेन.

पोरींची वाढीव पेन्शन लागली. आईच्या नावानं खातं, पालक म्हणून. सगळी आता पहूरला असतात. टेम्पोवाला पोरींना शाळेत सोडतो, अजून जमिनीकडे बघूनच बोलतो. आबांना ते कळलं असेल का, माहीत नाही. आले नाहीत.

वर्षानं ती पोरींना घेऊन कागद पुरे करायला आली. अंगावर चांगली साडी, गळ्यात मंगळसूत्र, चेहरा भरलेला. मला माझ्या आईची पावडर आठवली. ती झेरॉक्सला खाली गेली, धाकटी तिच्या मागे. मोठी थांबली. आठ-नऊ वर्षांची पोर, दोन वेण्या. नव्या काचेवर बोट फिरवत होती. मी म्हटलं, "काय गं, शाळा आवडते का?"

तिनं मान हलवली. मग जिन्याकडे एकदा बघून घेतलं, माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "ताई, आमनी पेन्शन बंद नही व्हयनी ना? माय सांगे, चालू शे."

"हो बाळा. चालू आहे."

"मंग आबाले फोन करी सांगा ना, चालू शे म्हनीसन." तिचे डोळे नुसते चमकत होते. "मंग आबा आमले घर लई जावाले येतीन."

मी म्हटलं, सांगते हं. दुसरं काय म्हणणार होते? तिनं मला आबांचा नंबर सांगितला, तोंडपाठ, एक आकडा न चुकता, आणि मी तिच्यासमोर तो लिहूनही घेतला. ती उड्या मारत जिना उतरली.

तिघी रस्ता ओलांडून स्टँडच्या बाजूला वळेपर्यंत मी खिडकीत उभी राहिले. मग पंचिंग मशीन उचललं आणि काचेवर घातलं. बाजूचा दुकानदार धावत आला, कोण होतं, कोण होतं विचारत. मी म्हटलं, कुणी नाही, माझ्याच हातून पडलं.